आटे पाडण्याची शिस्त : मिस्त्री आणि निदेशक यांचा संवाद

परभणी जिल्ह्यातील पालम हे तालुक्याचे गाव गोदावरीच्या खोऱ्यात असले, तरी आसपासच्या खेड्यांचे पिण्याचे पाणी बऱ्याच अंशी जमिनीखालून, म्हणजे काळ्या बेसाल्ट खडकाच्या भेगांमधून येते; आणि ते वर आणण्यासाठी हातपंप, वीजपंप किंवा नळयोजना यांपैकी कोणताही मार्ग पत्करला, तरी कोठे ना कोठे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी नळाला, म्हणजे बाजारातल्या जीआय पाइपला, आटे पाडावेच लागतात. आटे म्हणजे नळाच्या टोकावर बाहेरून कोरलेली मळसूत्री खाच. ती सॉकेट, एल्बो किंवा टी यांच्या आतल्या आट्यांत फिरत जाते आणि जोड घट्ट होतो. हे काम लांब दांड्याच्या हातडायने आजही होते, परंतु जेथे दिवसाला अनेक टोके तयार करायची असतात तेथे विजेवर चालणारे थ्रेडिंग मशीन वापरले जाते.

या यंत्रात नळ घट्ट पकडून फिरवणारा चक असतो, मागच्या बाजूला नळ मध्यावर राखणारा दुसरा लहान चक असतो, आणि पुढे दोन दांड्यांवर सरकणारी गाडी असते, जिच्यावर नळ कापणारा कटर, कापलेल्या नळाची आतली कड साफ करणारा रीमर आणि चार चेझर बसवलेला डायहेड अशी तीन हत्यारे असतात. चेझर म्हणजे आटे कोरणारे दातेरी पोलादी तुकडे. हातडायच्या कामात नळ वाइसमध्ये स्थिर राहतो आणि माणूस हत्यार फिरवतो, तर यंत्रात हत्यार स्थिर राहून नळच फिरतो. या यंत्राचे फायदे आणि त्याचे बहुतेक धोके याच एका बदलातून निघतात.

हे यंत्र कसे चालवावे याविषयी दोन भूमिका आढळतात. एक भूमिका वर्षानुवर्षे हाताने काम केलेल्या कारागिराची, जी अनुभव, वेग आणि पदरात पडणारी मजुरी यांच्या आधारे बोलते. दुसरी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत शिकवणाऱ्या शिल्पनिदेशकाची, जी मानके, मापे आणि यंत्रावरील सूचना यांच्या आधारे बोलते. पुढील संवादात या भूमिकांना ‘मिस्त्री’ आणि ‘निदेशक’ अशी नावे दिली आहेत. त्या विशिष्ट व्यक्ती नसून विचार करण्याच्या दोन पद्धती आहेत, आणि पालमसारख्या गावातील रस्त्याकाठच्या दुकानात त्या समोरासमोर येतात असे येथे कल्पिले आहे.

मिस्त्री : सर, आटे पडले, सॉकेट बसले, पाणी गळले नाही, की काम झाले. यापलीकडे अचूकता म्हणून जे काही सांगितले जाते, ते कारखान्यासाठी ठीक असेल. गावातल्या नळाला त्याची गरज काय?

निदेशक : मिस्त्री, त्या गरजेचे उत्तर मराठवाड्याच्याच इतिहासात सापडते. १९७० च्या आधीच्या काळात गावोगाव बसवलेले बिडाचे हातपंप मुळात एका कुटुंबाच्या वापरासाठी घडवलेले असत, त्यामुळे सगळ्या गावाने दिवसभर वापरल्यावर ते लवकर मोडत. म्हणून जालन्याच्या मिशनमध्ये पोलादी बांधणीचा जो पंप तयार झाला तो ‘जालना पंप’ म्हणून ओळखला गेला, त्यातून पुढे ‘सोलापूर पंप’ घडला, आणि त्याच्या आधारे युनिसेफ, भारत सरकार व मद्रासची रिचर्डसन अँड क्रुडास कंपनी यांच्या सहकार्याने १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘इंडिया मार्क दोन’ हा पंप तयार झाला. आज खेड्यापाड्यांत दिसणारा हातपंप बहुधा हाच असतो, आणि त्याचा पाणी चढवणारा उभा नळ म्हणजे ३२ मिमीच्या जीआय पाइपचे तीन-तीन मीटरचे तुकडे, जे केवळ आट्यांच्या आणि सॉकेटच्या आधाराने एकाखाली एक लोंबकळत असतात.

मिस्त्री : ते ठाऊक आहे. तालुक्यात असे पंप वर काढून त्यांची खराब टोके कापण्याचे आणि नवे आटे पाडण्याचे काम नेहमीचेच आहे.

निदेशक : मग त्या आट्यांवर किती भार येतो तेही पाहावे. पंप ३० मीटर खोल असेल तर तेथे दहा तुकडे लागतात. मध्यम वर्गाचा ३२ मिमीचा नळ मीटरमागे तीन किलोहून थोडा जास्त भरतो, म्हणजे नळांचेच वजन सुमारे ९५ किलो होते. त्यांत भरलेले पाणी मीटरमागे साधारण एक लिटर, म्हणजे आणखी सुमारे ३० किलो. दांडा एका दिशेने जाताना हा पाण्याचा भार दट्ट्याला जोडलेल्या सळया उचलतात आणि उलट दिशेने जाताना तोच भार तळच्या झडपेमार्फत नळावर येतो. त्यामुळे सर्वांत वरच्या जोडाच्या आट्यांवरचा भार सव्वाशे किलोच्या घरात पोहोचतो, आणि त्यातला पाण्याचा वाटा दर हेलकाव्याला चढतो आणि उतरतो. न गळणारा जोड आणि असा भार वर्षानुवर्षे पेलणारा जोड यांत फरक आहे, आणि तो वरून पाहून कळत नाही.

मिस्त्रीचा पहिला मुद्दा येथे पूर्णपणे खोटा ठरत नाही, कारण गळती नसणे ही चांगल्या जोडाची पहिली अट आहेच; मात्र ती एकमेव अट नाही, हे या हिशेबावरून दिसते. शिवाय इंडिया मार्क दोनमध्ये दट्ट्याचे वायसर बदलण्यासाठीसुद्धा सगळे नळ वर काढावे लागतात, म्हणजे प्रत्येक जोड अनेकदा उघडतो व मिटतो. आणि आटे तिरपे पडले असतील, म्हणजे त्यांचा अक्ष नळाच्या अक्षाशी जुळत नसेल, तर नळांची उभी माळ जोडापाशी वाकते, आतल्या सळया नळाच्या भिंतीला घासू लागतात आणि दोन्ही झिजतात. तेव्हा अचूकता म्हणजे नेमके काय, याकडे संवाद वळणे स्वाभाविक आहे.

मिस्त्री : अचूकता मोजायची कशाने? दुकानात गेज नसते, आणि गिऱ्हाईक समोर उभे असते. हात सांगतो तेच माप.

निदेशक : हात काय सांगतो हे मोजता येते, आणि तेच शिकण्यासारखे आहे. पाणी अडवणाऱ्या आट्यांसाठी भारतीय मानक आयएस ५५४ आहे. त्यानुसार आट्याच्या दोन बाजूंमधला कोन ५५ अंशांचा असतो, जो जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज अभियंत्याने १८४१ मध्ये सुचवलेल्या पद्धतीतून आला, आणि नळावरचे आटे निमुळते असतात, म्हणजे १६ मिमी लांबीत व्यास १ मिमीने बदलतो. या निमुळतेपणामुळेच जोड जसजसा आत जातो तसतसा आवळत जातो आणि शेवटी धातूवर धातू बसून पाणी अडते. अर्धा इंची व पाऊण इंची नळाला दर इंचात १४ आटे असतात, एक इंच व त्यावरच्या नळांना ११. सव्वा इंची, म्हणजे ३२ मिमीच्या नळाचे आटे बरोबर पडले असतील, तर ते चांगल्या मापाच्या आट्यांत केवळ हाताने सुमारे साडेपाच फेरे जातात आणि त्यानंतर पाइप पान्याने आणखी पावणेतीन फेऱ्यांच्या आसपास आवळता येतात. अर्धा इंची नळासाठी हाताचे फेरे साडेचार आणि पान्याचे तेवढेच, पावणेतीन. हाताच्या फेऱ्यांत एक कमी-अधिक चालतो. सॉकेट दोनच फेऱ्यांत अडकले किंवा आठ फेरे सैल जात राहिले, तर डायहेडचे माप चुकले आहे.

मिस्त्री : हे बाकी कामाचे आहे. सॉकेट ‘बरे बसले’ एवढेच आजवर पाहिले जाते. फेरे कोणी मोजत नाही.

निदेशक : परंतु त्यातही सावध राहावे लागते, कारण सॉकेटचे स्वतःचे मापही थोडे कमी-जास्त असू शकते. हाताला आलेल्या कोणत्याही सॉकेटवर तपासले तर सैल सॉकेट आणि जाड आटे एकमेकांची चूक झाकतात, आणि पुढे गावात दुसरे सॉकेट लावताच ती चूक उघडी पडते. म्हणून रिंग गेज, म्हणजे आतून आटे असलेले तपासणीचे कडे, घेणे उत्तम. ते नसेल तर खात्रीच्या मापाचे एक सॉकेट केवळ तपासणीसाठी बाजूला ठेवावे आणि ते कधीही जोडात वापरू नये.

येथे दोन्ही भूमिका प्रथमच एका जागी येतात. हाताची जाण ही कारागिराची खरी कमाई आहे, मात्र ती मोजली जात नाही तोवर दुसऱ्याला देता येत नाही आणि स्वतःची चूकही दाखवत नाही. फेरे मोजण्याची साधी सवय त्या जाणिवेला मापाचे रूप देते. याउलट, काही गोष्टी मिस्त्रीलाच आधी कळतात, हेही या संवादात नोंदवले पाहिजे.

मिस्त्री : आता पुस्तकात नसलेले सांगतो ते ऐकावे, सर. कटर घाईने आवळला की नळ चेपतो, तोंड गोल राहत नाही आणि आत कड येते. मग रीमर नीट फिरवला नाही तर अर्धा इंची नळ आतून आणखी अरुंद होतो आणि शेवटच्या घरी पाणी कमी पडते. डाय लावताना पहिले दोन-तीन आटे पडेपर्यंत गाडीचा दांडा सारख्या दाबाने रेटत राहावे लागते. एकदा चेझरने नळ धरला की गाडी आपोआप पुढे ओढली जाते, तेव्हा मात्र रेटू नये. चेझर बोथट झाला की आवाज बदलतो, आटे चकचकीत न दिसता फाटल्यासारखे, खरखरीत दिसतात आणि लोखंडाचा कीस लांब न निघता चुऱ्यासारखा गळतो. आणि चार चेझरांवर एक ते चार असे आकडे असतात. ते त्याच क्रमाच्या खाचेत बसवले नाहीत तर आटे पडतच नाहीत, नळ नुसता खरवडला जातो.

निदेशक : यात भर एवढीच की नळाचे टोक चेझरच्या पुढच्या कडेशी समपातळीत आले की डायहेड उघडावा, त्यापुढे गेल्यास आटे लांबतात आणि नळाचा सशक्त भाग विनाकारण कोरला जातो. हे कोरणे किती महाग पडते ते नळाच्या जाडीवरून दिसते. आयएस १२३९ या मानकात नळांचे तीन वर्ग आहेत : हलका, ज्यावर पिवळा पट्टा असतो, मध्यम, निळा पट्टा, आणि जड, तांबडा पट्टा. अर्धा इंची नळाची भिंत हलक्या वर्गात २ मिमी, मध्यम वर्गात २.६ मिमी आणि जड वर्गात ३.२ मिमी असते, आणि त्यावर पडणाऱ्या आट्याची खोली १.१६ मिमी. म्हणजे हलक्या नळात आट्याच्या तळाशी एक मिलिमीटरसुद्धा लोखंड उरत नाही, आणि तेथला जस्ताचा मुलामाही निघून गेलेला असतो. जोड गंजतो तो तेथूनच. डायहेड थोडा जास्त आवळला किंवा नळ मध्यावर नसला, तर एका बाजूची भिंत कागदासारखी होते.

मिस्त्री : स्वस्त म्हणून गिऱ्हाईकच पिवळ्या पट्ट्याचा नळ आणते. त्याला काय सांगायचे?

निदेशक : हेच आकडे सांगायचे. मिस्त्रीच्या तोंडून ते ऐकणारा माणूस दुकानदारापेक्षा मिस्त्रीवर अधिक विश्वास ठेवतो.

यानंतरचा वाद तेलावरून होतो, आणि तो वरकरणी किरकोळ वाटला तरी आरोग्याशी जोडलेला आहे. आटे कोरताना चेझरची धार तापते, आणि तेल ती धार थंड ठेवते, घर्षण कमी करते व कीस वाहून नेते. म्हणून यंत्रात तेलाचा पंप आणि खाली तबक असते. अनेक ठिकाणी त्यात गाडीतून काढलेले जळके ऑइल भरले जाते.

मिस्त्री : जळके ऑइल फुकट मिळते, आणि आटे त्यानेही पडतात.

निदेशक : पडतात, पण ज्या नळातून उद्या लेकरे पाणी पिणार आहेत त्याच्या आत ते ऑइल जाते. वापरलेल्या इंजिन ऑइलमध्ये झिजलेल्या धातूंचे कण आणि ज्वलनातून आलेली घातक द्रव्ये असतात, आणि ते रोज हाताला लागणे कातडीलाही अपायकारक असते. थ्रेडिंगसाठी बनवलेले तेल वापरावे, पिण्याच्या पाण्याच्या नळासाठी चालणारे आहे का हे डब्यावर पाहावे, आणि आटे पडल्यावर नळ आतून-बाहेरून पुसून, पहिले पाणी वाहू देऊनच तो वापरात आणावा. फुकट ऑइलने चेझर लवकर बोथट होतात तो खर्च वेगळाच.

येथून संवाद सुरक्षिततेकडे जातो, आणि मतभेद अधिक तीव्र होतात. या यंत्रांना पायाने दाबायचा स्विच असतो. पाऊल उचलले की यंत्र थांबावे हा त्याचा उद्देश आहे, म्हणजे हात अडकला, कपडा गुंतला किंवा माणूस घाबरून मागे सरला, तरी विचार करण्याआधीच वीज तुटते. प्रत्यक्षात मात्र हा स्विच विटेने दाबून ठेवण्याची किंवा तारेने बांधण्याची पद्धत दिसते.

मिस्त्री : दिवसभर एका पायावर उभे राहून पहा, सर. पाऊल हलले की यंत्र थांबते, आटे अर्धवट राहतात, त्यावर पुन्हा चेझर चढवताना खराब होतात. म्हणून दाबून ठेवतात. यंत्र काही वेगाने फिरत नाही. मिनिटाला ३५-४० फेरे म्हणजे डोळ्याला दिसणारा, सावकाश फेरा आहे.

निदेशक : सावकाश दिसणे हाच त्याचा फसवेपणा आहे. दोन इंची नळाचा बाहेरचा व्यास ६०.३ मिमी, म्हणजे घेर सुमारे १९ सेंमी. मिनिटाला ३६ फेऱ्यांनी त्याचा पृष्ठभाग सेकंदाला सुमारे ११ सेंमी सरकतो. धोका लक्षात येऊन पाऊल उचलेपर्यंत अर्धा सेकंद गेला, तरी सहा सेंमीच्या आसपास कापड गुंडाळले गेलेले असते. आणि वेग कमी असला तरी जोर कमी नसतो. उलट फेरे कमी केल्यानेच जोर वाढतो. अर्ध्या अश्वशक्तीची मोटर धरली आणि तिची निम्मी शक्ती दातेरी चक्रांच्या घर्षणात गेली असे मानले, तरी त्या नळाच्या पृष्ठभागावरची ओढ दीडशे किलोहून जास्त येते. माणसाचा हात ती रोखू शकत नाही. विटेने दाबलेल्या स्विचमध्ये ती ओढ थांबवणारे काहीच उरत नाही.

मिस्त्री : वीट ठेवणारा सावध असतो.

निदेशक : आणि लाईट गेली तर? यंत्र अर्ध्या आट्यात थांबते, माणूस कीस काढायला किंवा डायहेड सोडवायला हात घालतो, आणि तेवढ्यात लाईट येते. पाऊल मोकळे असेल तर काही होत नाही; स्विच बांधलेला असेल तर यंत्र कोणाच्याही इच्छेवाचून सुरू होते. जेथे वीज अचानक जाते-येते तेथे तरी हा स्विच बांधणे मुळीच परवडणारे नाही. लाईट गेली की आधी मुख्य स्विच बंद करावा, मग यंत्राला हात लावावा.

मिस्त्री : हे मान्य करावे लागेल. पण मग पाय दुखण्याचे काय?

निदेशक : स्विच जमिनीवर योग्य जागी ओढून घ्यावा, उभे राहण्याची जागा कोरडी आणि सपाट ठेवावी, आणि सहा मीटरचे नळ एकामागून एक करायचे असतील तर मध्ये विसावा घ्यावा. पाय दुखतो म्हणून पायाचे काम विटेवर सोपवू नये. तसेच एकाने स्विच दाबायचा आणि दुसऱ्याने हात चालवायचा, ही हाताखालच्या पोराला उभे करण्याची पद्धतही तितकीच धोक्याची आहे; ज्याचे हात यंत्रावर आहेत त्याचेच पाऊल स्विचवर असले पाहिजे. अठरा वर्षांखालच्या मुलाला तर या यंत्रावर उभे करूच नये.

हातमोज्यांचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे, कारण येथे मिस्त्रीचा अनुभव सुरक्षिततेच्याच बाजूने बोलतो असे वाटते. लोखंडाचा कीस धारदार असतो, नुकते आटे पडलेले टोक तापलेले असते, आणि मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या वर गेला की उन्हात पडलेला नळ उघड्या हाताने धरवत नाही; म्हणून हातमोजे घालावेत, असे तो सांगतो. निदेशकाचे उत्तर कामाचे दोन भाग पाडते. नळ उचलणे, चकमध्ये घालणे आणि बाजूला ठेवणे ही कामे यंत्र बंद असताना होतात, तेव्हा हातमोजे घालावेत; नळ फिरू लागताच ते काढावेत, कारण उघडी कातडी घसरून निसटते, तर हातमोजा आट्यांत अडकून बोटांसह ओढला जातो. फिरत्या नळावरचा कीस कधीही बोटांनी किंवा चिंधीने काढू नये. यंत्र थांबवून ब्रशने काढावा. हाच नियम लांब बाह्यांना, लोंबत्या शर्टाला, गळ्यातल्या दस्तीला आणि खांद्यावरच्या पंच्याला लागू होतो, आणि मनगटातला धागा किंवा कडेसुद्धा त्यातून सुटत नाही. डोळ्यांवर चष्मा मात्र कायम असावा, कारण कापताना उडणारा कण थांबण्याची वाट पाहत नाही.

दुकानाच्या मागच्या बाजूचा धोका दोघांनाही सारखाच दिसतो, केवळ त्याचे महत्त्व वेगळे वाटते. जीआय पाइप साधारण सहा मीटर लांबीचे येतात. यंत्र दुकानाच्या तोंडाशी असेल तर नळाचा मोठा भाग मागे, अनेकदा रस्त्याच्या बाजूला, फिरत राहतो. आधार नसलेला असा नळ फिरताना हेलकावे घेतो, कोणाच्याही पायाला लागू शकतो, आणि त्याच हेलकाव्यांमुळे पुढच्या टोकावरचे आटे तिरपे पडतात.

मिस्त्री : मागे टेकू ठेवला की दोन मिनिटे जास्त लागतात.

निदेशक : त्या दोन मिनिटांत आटे सरळ पडतात आणि रस्त्यावरून जाणारा माणूसही वाचतो. उंची जुळणारा, वर दोन चाके असलेला पाइप स्टँड मागे लावावा, पुढचा व मागचा असे दोन्ही चक आवळावेत आणि नळाच्या शेवटापलीकडे काहीतरी आडवे ठेवून वाट अडवावी. यंत्राला तीन तारांची जोडणी आणि चांगले अर्थिंग असावे, कारण तबकात तेल, आसपास पाणी आणि हातात लोखंड असे हे काम आहे. विजेची गळती झाल्यास पुरवठा तोडणारा ३० मिलिअँपिअरचा स्विच बसवणे हा फार मोठा खर्च नाही.

आतापर्यंतच्या मुद्द्यांत निदेशकाची बाजू वरचढ दिसते. परंतु संवादातला सर्वांत वजनदार आक्षेप अजून बाकी आहे, आणि तो मिस्त्रीचा आहे.

मिस्त्री : हे सगळे कबूल, सर. पण मजुरी दर टोकामागे ठरते. जो लवकर करतो त्याच्याकडे काम जाते. कारखान्यात साहेब तपासायला येतो, येथे कोणी येत नाही. ज्याचे आटे चांगले त्याला एक पैसा जास्त मिळत नाही, आणि ज्याचे वाईट त्याचा जोड सहा महिन्यांनी विहिरीत गळून पडला, तरी दोष त्याच्याकडे कोणी नेत नाही. मग शिस्त पाळायची कशाच्या बळावर?

निदेशक : या प्रश्नाला संस्थेत शिकवलेले उत्तर पुरे पडत नाही, हे मान्य केले पाहिजे. १९४८ च्या कारखाने अधिनियमात फिरत्या भागांभोवती कुंपण, चालू यंत्रापाशी काम करणाऱ्याला घट्ट बसणारे कपडे अशा तरतुदी होत्या. परंतु त्याच कायद्याच्या मूळ व्याख्येनुसार वीज वापरणारी जागा दहा कामगार असतील तेव्हा कारखाना ठरत असे, आणि दोन-तीन माणसांचे दुकान त्या व्याख्येच्या बाहेर राहत असे. म्हणजे जेथे तपासणी नाही तेथेच धोका सर्वांत जास्त एकट्याच्या अंगावर येतो.

मिस्त्री : मग?

निदेशक : मग काम देणाऱ्यानेच आटे तपासायला शिकले पाहिजे. ग्रामपंचायतीने, पाणीपुरवठा समितीने किंवा घरमालकाने नळ ताब्यात घेताना चार गोष्टी पाहाव्यात : नळावरच्या पट्ट्याचा रंग, आट्यांचा गुळगुळीतपणा, हाताने जाणारे फेरे, आणि आतली साफ केलेली कड. त्यासाठी यंत्र लागत नाही, फार वेळही लागत नाही. एकदा गिऱ्हाईक फेरे मोजू लागले की चांगल्या आट्यांना किंमत येईल आणि टेकू लावण्याची दोन मिनिटे मिस्त्रीला स्वतःच्या खिशातून द्यावी लागणार नाहीत.

मिस्त्री : तसे झाले तर वीट काढायला कोणी सांगावे लागणार नाही. घाई ही हौस नाही सर, ती दरातून येते.

या शेवटच्या वाक्यात संवादाचा गाभा आहे. सुरक्षितता आणि अचूकता ही दोन वेगळी ओझी आहेत आणि त्यांतले एक उचलायचे तर दुसरे ठेवावे लागते, असे मिस्त्री आरंभी मानत होता. नियम सांगितले की ते पाळले जातील, असे निदेशक मानत होता. दोन्ही समज अपुरे होते. मागचा टेकू, मध्यावर धरलेला नळ, धारदार चेझर, योग्य तेल आणि स्विचवरचे मोकळे पाऊल या प्रत्येक गोष्टीने आटेही सुधारतात आणि हातही वाचतो. बोथट चेझरमुळे जास्त रेटावे लागते, रेटताना माणूस नळावर वाकतो, आणि वाकलेल्या माणसाचा कपडा आधी गुंततो, अशी ही साखळी आहे. म्हणून आटे खराब पडू लागले की ती धोक्याची पहिली सूचना समजावी, आणि काम थांबवून कारण शोधावे.

मात्र ही शिस्त केवळ यंत्रापाशी उभ्या असलेल्या माणसाकडून मागणे अन्यायाचे ठरेल. त्याच्या कामाचा उपयोग गावाला वर्षानुवर्षे होतो, मोबदला मात्र टोकामागे आणि त्याच दिवशी ठरतो. या दोहोंतली दरी भरून काढण्याची जबाबदारी ज्यांच्यासाठी पाणी आणले जाते त्यांची आहे. जीआय पाइपची जागा अनेक ठिकाणी प्लास्टिकच्या नळांनी घेतली असली, तरी हातपंपाचा उभा नळ, पंपघरातली जोडणी आणि इमारतींतील आगीसाठी राखलेल्या पाण्याच्या वाहिन्या यांत आट्यांचे जोड अजूनही आहेत, आणि हातपंप तर बहुधा अशाच वस्तीत असतो जिला पाण्याचा दुसरा जवळचा आधार नसतो. पालमच्या एखाद्या दुकानात पडलेले आटे त्या वस्तीपर्यंत पोहोचतात. तेव्हा ते पाडणाऱ्याला नीट काम करण्याएवढा वेळ आणि त्या वेळेचे दाम मिळावे, अशी मागणी गावाने स्वतःच्याच हितासाठी केली पाहिजे.